फिल्टर बदललात, ब्रीदरच्या पाइपचं काय केलंत?

एअर फिल्टरचा मूळ डबा काढून कार्ब्युरेटरच्या तोंडाला जाळीचा कोन फिल्टर बसवला, की एक जाडसर रबरी पाइप लोंबकळत उरतो. त्याचं एक टोक इंजिनाला असतं. दुसरं टोक आतापर्यंत ज्या डब्यात जात होतं, तो डबा आता बाकावर पडलेला असतो. नवी मुंबईत ओवे कॅम्पपासून तळोज्यापर्यंतच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्या न्याहाळल्या तर या पाइपाचे तीन प्रकारचे निकाल लागलेले दिसतात. कुणी तो तसाच चेनच्या बाजूला सोडून देतो. कुणी टोकाला अंगठ्याएवढा छोटा फिल्टर अडकवतो. आणि एखादा मेकॅनिक म्हणतो, "शेठ, हा पाइप काय कामाचा नाय, बोल्ट मारून टाकतो." पहिले दोन निकाल कामचलाऊ आहेत. तिसरा इंजिनाच्या मुळावर उठणारा आहे, आणि हा लेख मुख्यतः त्या बोल्टाविरुद्ध आहे.

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी स्फोटाच्या दाबाखाली थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्यात अर्धवट जळलेलं पेट्रोल असतं, काजळी असते, ऑइल खराब करणारी आम्लं असतात आणि पाण्याची वाफही असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडं खाली येतं. हे सगळं बाहेर पडायला ब्रीदर हा एकच अधिकृत रस्ता. तो बंद केला तर क्रँककेसमधला दाब वाढत जातो आणि जिथे पॅकिंग सर्वांत कच्चं तिथून वाट काढतो.

एक सिलिंडरच्या गाडीत आणखी एक भानगड आहे. पिस्टन खाली येतो तेव्हा वर जेवढी जागा मोकळी होते तेवढीच खाली कमी होते. जुन्या बुलेटचा बोर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. ३००० आरपीएमला, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, पिस्टनच्या खालच्या बाजूने ३४६ सीसी हवा ढकलली जाते आणि परत ओढली जाते. मिनिटाचा हिशोब केला तर हजार लिटरच्या वर हवेची ये-जा. ही काही नवी तयार होणारी हवा नव्हे, तीच ती मागेपुढे होत असते. पण ब्रीदरच्या पाइपाला तिची धडक सोसावीच लागते. तोंड दाबून सायकलचा पंप मारून बघा, म्हणजे त्या बोल्टामागे काय चाललंय ते हाताला कळेल. दोन किंवा चार सिलिंडरच्या पुष्कळ इंजिनांत एक पिस्टन खाली येताना दुसरा वर जात असतो, त्यामुळे हवा आतल्या आत सरकते. आपल्याकडच्या बहुतांश गाड्या एक सिलिंडरच्या, म्हणून परदेशी व्हिडिओत चार सिलिंडरच्या गाडीवर चालून गेलेली युक्ती इथे चालेलच असं नाही.

बोल्ट मारलेल्या गाडीचा आजार पहिल्या दिवशी दिसत नाही. आठवड्याभरात डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हराखाली काळपट ओल येते. मालक म्हणतो चेनला लावलेलं स्प्रे उडालं असेल. कव्हर उघडून चिंधीने पुसा, दहा मिनिटं इंजिन चालवा आणि शाफ्टच्या मुळाशी बघा. ऑइल सीलच्या ओठातून एक बारीक चकचकीत धार निघत असेल तर ते चेनचं ऑइल नाही. त्यानंतर गिअर शाफ्टचं सील, मग टॅपेट कव्हरचं पॅकिंग, असा क्रम लागतो. काही गाड्यांत डिपस्टिकच वर उचलली जाते. मग सील बदलायचा खर्च, सील बदलूनही ओल थांबत नाही म्हणून पुन्हा खर्च, आणि शेवटी "केसिंगच गेलंय" असा निष्कर्ष. मूळ दुखणं मात्र त्या दोन रुपयांच्या बोल्टात.

कंपनीने तो पाइप एअर बॉक्समध्ये का नेला?

आधी अशी पद्धत नव्हती. जुन्या गाड्यांचे ब्रीदर सरळ रस्त्यावर श्वास सोडत. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला तर क्रँककेसवर बदकाच्या चोचीसारखं चपटं रबर असे. आतला वायू बाहेर जाताना चोच उघडे, आत येताना मिटे. त्यातून उडणारं ऑइल चेनला मिळे, आणि गाडी उभी असलेली जागाही ऑइलच्या ठिपक्यांवरून ओळखता येई. कॅलिफोर्नियात धुरक्याचा प्रश्न पेटला तेव्हा ध्यानात आलं की मोटारीतून निघणाऱ्या न जळलेल्या पेट्रोलचा मोठा वाटा या ब्रीदरचा आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो वायू परत इंजिनात नेऊन जाळायची पद्धत आधी मोटारींत रूढ झाली आणि पुढे दुचाकींत आली. आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झालं. या मापदंडांत क्रँककेसचा वायू हवेत सोडायला मुभाच नाही.

एअर बॉक्स त्यासाठी सोयीची जागा. तिथे किंचित ओढ असते, हवा गाळलेली असते, आणि डब्याचा घेर मोठा असल्याने पाइपातून येणारा धक्का तिथे विरून जातो. वायूबरोबर आलेलं ऑइल तळाला बसतं, तिथून ते काढायला खाली एक छोटी बंद नळी असते. सर्व्हिसिंगला ती नळी कुणी उघडून रिकामी करत नाही, हा वेगळा विषय.

आता स्पष्ट बोलतो. रोज ओव्याहून खारघर किंवा तळोजा एमआयडीसीला ये-जा करणाऱ्याने मूळ डबा काढूच नये. या पट्ट्यात अवजड ट्रक, सिमेंटचे मिक्सर आणि बांधकामांचा बारीक फुफाटा वर्षातले आठ महिने असतो, उरलेले चार महिने पाऊस. उघडा कोन फिल्टर दोन्हींपुढे उघडाच. जास्त हवा खेळवायची हौसच असेल तर त्याच डब्यात बसणारं, धुऊन परत वापरता येणारं फिल्टर एलिमेंट मिळतं. ते टाका; ब्रीदर जिथे आहे तिथेच राहतो आणि या लेखातलं पुढचं काहीच करावं लागत नाही. कोन फिल्टरने जो आवाज वाढतो तो कानाला पिकअपसारखा वाटतो, एवढंच. शिवाय स्टॉक जेटवर कोन फिल्टर लावला तर मिश्रण पातळ होतं, गाडी गरम होते, रेस सोडल्यावर सायलेन्सर फटफटतो. प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरंफटक दिसलं तर मेन जेट मोठा करावा लागणार हे समजा.

तरीही लावायचाच असेल

जुन्या गाडीचा डबा फुटलेला असतो, मिळत नाही. कुणाला कॅफे रेसर बांधायची असते. त्यांच्यासाठी पुढचं.

ब्रीदरला तीन गोष्टी हव्यात. बाहेर जायला मोकळा रस्ता, ऑइल आणि पाणी अडवायला मध्ये एक टाकी, आणि शेवटचं तोंड सुरक्षित जागी. यातली कुठलीही एक गाळली तर बाकीच्या दोन्हींचा उपयोग निम्म्यावर येतो.

पाइपापासून सुरुवात करू. इंजिनाच्या नोजलला जो मूळ पाइप होता त्याच्या आतल्या घेरापेक्षा बारीक पाइप कधीही लावू नका. हाताशी आहे म्हणून पेट्रोलची नळी लावणारे पुष्कळ आहेत. ती नळी ब्रीदरच्या पाइपापेक्षा किती बारीक आहे ते दोन्ही शेजारी धरून बघितलं की कळतं. पारदर्शक प्लास्टिकची नळी दिसायला छान, पण इंजिनाच्या उष्णतेने ती आधी पिवळी पडते, मग मऊ होऊन वळणावर चिमटते, आणि थंडीत कडक होऊन नोजलवरून निसटते. ऑइल सोसणारा, आत सुताचं वेष्टण असलेला रबरी पाइप मोटारच्या स्पेअरपार्टच्या दुकानात मीटरवर मिळतो, तो घ्या. दोन्ही टोकांना स्क्रूच्या क्लिपा. तारेचा पिळा नको.

नोजलमधून निघाला की पाइप आधी वीतभर तरी सरळ वर जाऊ द्या. वर जाताना ऑइलचे थेंब पाइपाच्या भिंतीला चिकटतात आणि आपसूक खाली इंजिनात परत येतात. निम्मं काम इथेच होतं. यानंतर पाइप कुठेही खाली झोला खाऊन परत वर चढता कामा नये. त्या झोल्यात पाणी साठतं, आणि साठलेल्या पाण्याने बंद झालेला पाइप म्हणजे पुन्हा तोच बोल्ट. सायलेन्सरच्या नळीपासून लांब, आणि सीट खाली बसली तरी चिमटणार नाही असा मार्ग काढा. सीटवर दोघांना बसवून एकदा हात घालून बघा.

टाकीला बाजारात कॅच कॅन म्हणतात. ॲल्युमिनियमची चकचकीत तयार मिळते, पण त्यातल्या बऱ्याचशा आतून पोकळ असतात: वायू एका नोजलमधून आत येतो आणि काहीही मागे न ठेवता दुसऱ्यातून निघून जातो. विकत घेण्याआधी झाकण उघडून बघा. आत पडदा किंवा जाळी नसेल तर भांडी घासायची स्टीलची तारेची गुंडाळी आत भरा. लोखंडी काथ्या नको. तो गंजून त्याचे तुकडे सुटतात. येणारं नोजल जाळीच्या खालच्या बाजूला आणि जाणारं वरच्या बाजूला असावं, म्हणजे वायूला जाळीतून जावंच लागेल. गार धातूला लागून ऑइल आणि वाफ दोन्ही थेंब होऊन खाली पडतात. ३५० सीसीच्या गाडीला अर्धा लिटरची टाकी पुरते. त्याहून लहान बसवली तर धक्के पचवायला जागा राहत नाही. तळाला काढता येईल असा बोल्ट किंवा बंद केलेली नळी हवीच. टाकी फ्रेमला बसवताना मध्ये रबर घाला, नाहीतर बुलेटच्या कंपनाने पट्टी काही महिन्यांत तडकते.

टाकीनंतरचा पाइप कुठे न्यायचा, यावर दोन मतं आहेत आणि मी पहिल्या बाजूचा आहे. कोन फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्या मध्ये छोटा धातूचा तुकडा घालून त्याला नोजल काढता येतं. काही कोन फिल्टरांना रबरातच असं तोंड दिलेलं असतं. तिथे पाइप जोडला की वायू गाळलेल्या हवेबरोबर परत इंजिनात जातो आणि जळतो. कंपनीने जे केलं होतं तेच, फक्त डब्याऐवजी टाकी. एक दक्षता घ्या: जोड कार्ब्युरेटरच्या अलीकडे, म्हणजे हवेच्या बाजूला पाहिजे. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या मॅनिफोल्डला जोडलात तर तिथली जोरदार ओढ क्रँककेसमधून हवा खेचत राहते, स्लो चढतो, मिश्रण बिघडतं आणि ऑइलही प्यायलं जातं. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीच्या अलीकडे. पण टाकी चांगली नसेल तर ऑइलचा थर थ्रॉटल बॉडीत आणि सेन्सरवर बसतो.

दुसरं मत म्हणजे टाकीनंतर छोटा फिल्टर लावून हवेत सोडायचं. ज्यांच्या गाडीला मुळातच उघडा ब्रीदर होता त्यांना ते क्षम्य आहे. तो छोटा फिल्टर मात्र टाकीच्या वर, सीटखाली असावा. थेट इंजिनाच्या नोजलवर अडकवलेला फिल्टर काही आठवड्यांत ऑइलने भिजतो, त्यावर धूळ बसते, दोन्हींचा लगदा होतो आणि आतला दाब वाढतो. आणि नुसता पाइप मागे सोडत असाल तर तो मागच्या टायरच्या पुढे कधीही संपू नये. पाण्याने ओल्या रस्त्यावर टायरला लागलेला ऑइलचा थेंब काय करतो ते वळणावर कळतं. तेव्हा कळून उपयोग नसतो. नंबरप्लेटच्या मागे, टायरच्या पलीकडे, तोंड तिरकं कापून सोडा. रेसिंगच्या गाड्यांत ब्रीदर सायलेन्सरच्या नळीत वेल्ड करून तिथल्या ओढीवर चालवतात. मोकळ्या सायलेन्सरला ते चालतं. रस्त्यावरच्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या सायलेन्सरमध्ये उलटा दाब असतो आणि तो दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो. त्या वाटेला जाऊ नका.

एकतर्फी झडपेबद्दल

बदकाच्या चोचीचं तत्त्व आजही उत्तम आहे. पाइपात एकतर्फी झडप बसवली की पिस्टन खाली येताना हवा बाहेर जाते, वर जाताना परत येत नाही. काही फेऱ्यांतच क्रँककेसमध्ये सरासरी दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो. मग सील बाहेर ढकलली जाण्याऐवजी आत ओढली जातात आणि जुन्या बुलेटचा गळका स्वभावही बराच सुधारतो. मोटारच्या ब्रेक बूस्टरला जी प्लास्टिकची झडप असते ती यासाठी पुष्कळ जण वापरतात. दुकानात नवी झडप हातात घेऊन फुंकून बघा: अगदी हलक्या फुंकरीने उघडली पाहिजे. काहींची स्प्रिंग इतकी कडक असते की ती ब्रीदर बंद केल्यातच जमा. इंजिनाच्या बाजूने फुंकर गेली पाहिजे, ओढल्यावर हवा येता कामा नये. उलटी बसवली तर बोल्टापेक्षा वाईट, कारण मग हवा फक्त आतच जाणार. झडप शक्य तितकी इंजिनाजवळ असावी. लांब पाइपाच्या शेवटी लावली तर मधल्या पाइपातलीच हवा मागेपुढे होत राहते.

ज्या इंजिनात कंपनीनेच आत पात्याची झडप दिलेली आहे, तिथे दुसरी लावू नका. सर्व्हिस मॅन्युअलच्या चित्रात ब्रीदरच्या कव्हराखाली ती दिसते.

बुलेटवाल्यांसाठी थोडं जास्त, कारण प्रश्नही त्यांचेच जास्त. जुन्या कास्ट आयर्न इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसच्या घडणीतच आहे आणि गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की ऑइल हळूहळू क्रँकच्या कप्प्यात उतरतं. मग किक मारली की ब्रीदरमधून एकदम गुळणी येते. तो ब्रीदरचा दोष नाही. सुट्टीवरून आलात तर आधी खालचा बोल्ट उघडून साठलेलं ऑइल काढा, गाळून परत टाकीत घाला, मग किक मारा. याच इंजिनात क्रँककेसचा दाब वाढला तर ऑइल क्लचच्या कव्हरात शिरतं, क्लच घसरायला लागतो, आणि माणूस क्लच प्लेटा बदलत बसतो. नंतरच्या, क्लासिकमधल्या युनिट इंजिनात ऑइलची पातळी काचेतून दिसते. इथे पुष्कळ जण काच वरपर्यंत भरतात आणि मग एअर बॉक्समध्ये ऑइल का येतं म्हणून विचारतात. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर काही मिनिटं थांबून, काचेच्या मध्यावर पातळी ठेवा. बऱ्याच गाड्यांची तक्रार एवढ्यावरच मिटते.

टू-स्ट्रोकवाल्यांनी यातलं काहीही करू नये. आरएक्स १०० असो की जुनी येझदी, तिथे क्रँककेस हाच पेट्रोल-हवा वर ढकलणारा पंप. त्याला भोक पडलं तर गाडी चालूच होणार नाही. त्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला मात्र वर एक बारीक ब्रीदर असतो. तो रंगाने किंवा चिखलाने बुजला तर गिअरचं ऑइल सीलमधून बाहेर येतं. पिनेने मोकळा करा.

डबा काढताना आणखी एकदोन पाइप हातात येतील, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. हेडच्या पुढे, सायलेन्सरच्या तोंडाजवळ जाणारा पाइप असतो तो धूर कमी करण्यासाठी स्वच्छ हवा पुरवतो. त्याला वेगळा छोटा फिल्टर लागतो. ब्रीदरशी टी लावून जोडला तर ऑइलची वाफ थेट सायलेन्सरमध्ये जाईल. भारत स्टेज ६ च्या गाडीत पेट्रोलच्या वाफेचा कोळशाचा डबा असतो, त्याचाही पाइप असतो. उघडण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक पाइपाला चिकटपट्टीची चिठ्ठी लावा.

ब्रीदर किती फुंकतो, ते कसं ओळखायचं?

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा, स्लोवर ठेवा आणि पाइपाच्या तोंडाशी तळहात आडवा धरा. चांगल्या इंजिनात हाताला धडधड जाणवते, हवा आत-बाहेर होते, फारसा धूर नसतो. झडप बसवलेली असेल तर बारीक बारीक फुंकर. रेस दिल्यावर सतत जोराचा झोत येत असेल, निळसर धूर असेल, हाताला ऑइलचा थर लागत असेल, तर रिंगा किंवा बोर संपलाय. कितीही भारी कॅच कॅन बसवा, ती टाकी आठवड्याला भरेल. आधी इंजिनाचं काम करा. उलट हाताला काहीच लागत नसेल तर पाइप कुठेतरी बुजलाय. नोजल काढून तारेने साफ करा.

पावसाळ्यात ऑइलच्या टोपणाच्या आत आणि कॅच कॅनमध्ये पांढरट, सायीसारखा थर दिसतो. तो बघून हेड पॅकिंग गेलं असं सांगणारे भेटतील. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात कूलंटच नाही, मग पॅकिंगमधून पाणी येणार कुठून? ओव्याहून पेठाली किंवा पेंधरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत गाडी नेली आणि उभी केली, एवढ्या प्रवासात ऑइल पुरतं तापत नाही. आत आलेली वाफ बाहेर पडण्याइतकं तापमान होत नाही, ती थंड होऊन ऑइलमध्ये घुसळली जाते. उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा पाऊणएक तास सलग गाडी चालवणं, पावसाळ्यात ऑइल थोडं लवकर बदलणं आणि कॅच कॅन पंधरवड्याला उघडणं. एरवी महिन्याला एकदा पुरे. तळोज्याच्या भुयारी मार्गात पाणी भरतं तेव्हा कोन फिल्टर लावून त्यात शिरू नका. वरून घातलेलं पावसाळी मोज्यासारखं कव्हर शिंतोडे अडवतं, पाण्याची पातळी नाही. आणि उघड्या ब्रीदरचं तोंड पाण्याखाली गेलं, त्यात इंजिन बंद पडून गार झालं, की तेच पाणी क्रँककेसमध्ये ओढलं जातं.

टाकीत जमलेला राखाडी-पांढरा रस परत इंजिनात ओतू नका. ऑइलसारखा दिसला तरी त्यात पाणी, आम्ल आणि पेट्रोल असतं. तो गटारातही नको. आपल्या भागातल्या कासाडी नदीचे हाल कारखान्यांनी केले म्हणून आपण बोलतो, मग आपला पावशेर तरी त्यात कशाला? गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचा ड्रम असतो, त्यात ओता.

सगळं बसवून झालं की एक चढाची चाचणी घ्या. पनवेलहून पळस्पे, शेडुंग, चौकमार्गे जुन्या महामार्गाने खोपोली, आणि तिथून शिंग्रोबाच्या घाटात. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे हाच रस्ता, आणि चाचणीला तो उत्तमही आहे. निघण्याआधी टाकी रिकामी करा, इंजिन आणि स्प्रॉकेटचं कव्हर पुसून कोरडं करा. चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन राबतं, रिंगांखालून जास्तीत जास्त वायू उतरतो. वर पोचल्यावर टाकीत चमचाभर जमलं आणि बाहेर सगळं कोरडं असलं तर काम झालं. टाकीत काहीच नाही पण सीलपाशी ओल दिसते, तर पाइप कुठेतरी चिमटलाय किंवा झडप उघडत नाही. टाकी अर्धी भरली असेल तर ऑइलची पातळी आणि रिंगा, या क्रमाने तपासा.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंडाची, सहा महिन्यांपर्यंत कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आली. पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालतो, ब्रीदरकडे बघत नाही. त्यामुळे उघडा ब्रीदर पीयूसीत पकडला जात नाही. पण पातळ-जाड बिघडलेलं मिश्रण तिथे दिसू शकतं, आणि वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन उघडायची वेळ आली तर सर्व्हिस सेंटरची नजर आधी कोन फिल्टरवर जाते. भारत स्टेज ४ किंवा ६ ची गाडी असेल तर ब्रीदर हवेत सोडण्याचा विचारच करू नका. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीलाही बंद मार्ग, म्हणजे टाकीतून परत फिल्टरमागे, हाच लावा. मागे बसणाऱ्याच्या कपड्यांना ऑइलचा वास येत नाही, हा त्याचा रोजचा फायदा.

काढलेला डबा, त्याचं रबरी बेंड, क्लिपा आणि मूळ ब्रीदर पाइप एका पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. भंगारात घालू नका. जुन्या गाड्यांचे हे भाग आता नवे मिळेनासे झालेत, आणि पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला गाडी आरटीओपुढे न्याल तेव्हा ती मूळ रूपात उभी करावी लागेल. पिशवीत ठेवण्याआधी रबराला थोडी टाल्कम पावडर चोळा, म्हणजे ते एकमेकांना चिकटणार नाही.